बॅटरी पेटली तरी बाई रागवत नाहीत!

मैत्रिणींनो, शाळेतला विज्ञानाचा प्रयोग आठवतोय? आमच्याकडे प्रयोग म्हणजे सरांनी टेबलावर करायचा आणि पन्नास जणांनी माना उंचावून बघायचा. साहित्य हाती आलंच, तर वायरी जोडणार मुलगे आणि सुबक अक्षरात जर्नल लिहिणार मुली. बल्ब लागला की नाही, हे मागच्या बाकावर कळायचंसुद्धा नाही.

पडेगाव म्हणजे संभाजीनगरहून दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरची वस्ती. इथल्या एखाद्या घरात संध्याकाळी आईचा मोबाइल मुलीच्या हाती पडला, तर त्यावर अख्खी प्रयोगशाळा उघडता येते. 2001 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यातली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत आणि बरीचशी मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतली की नेट नसलं तरी चालतात.

त्यातलं माझं आवडतं म्हणजे सर्किट जोडायचं. बोटाने बॅटरी ओढायची, वायर ओढायची, बल्ब लावायचा. वायरीतून निळे ठिपके चालू लागतात, ते इलेक्ट्रॉन. बल्ब वीज 'खाऊन टाकतो' असं पुष्कळ मुलांना (आणि खरं सांगू का, मोठ्यांनाही) वाटतं. इथे दिसतं, की बल्बच्या आधी जितके ठिपके तितकेच नंतर, वेगही तोच. बल्ब घेतो ती ऊर्जा, ठिपके नव्हे. एकामागे एक दोन बल्ब लावले की ठिपके मंदावतात, दोन्ही बल्ब मिणमिणतात. समांतर जोडले की दोन्ही लख्ख! स्वयंपाकघरातला दिवा गेला तरी फ्रीज का चालू राहतो, ते इथेच समजतं. बॅटरीची दोन टोकं नुसत्या वायरीने जोडली, तर बॅटरी चक्क पेट घेते. तेच शॉर्टसर्किट. कुणी ओरडत नाही, साहित्य भरून मागत नाही.

2005 मध्ये कोलोरॅडोतल्याच संशोधकांनी एक तुलना प्रसिद्ध केली. काही विद्यार्थी खऱ्या वायरींवर शिकले, काही नुसत्या संगणकावर. नंतर सगळ्यांना खरं सर्किट जोडून समजावून सांगायला लावलं, तर संगणकवाले सरस ठरले!

म्हणून खरी प्रयोगशाळा नको, असं मात्र मुळीच नाही. तापलेल्या तारेचा चटका आणि सैल जोडणीची कटकट पडद्यावर कशी कळणार? घरी टॉर्चचा सेल आणि छोटा बल्ब आणून द्या. भिंतीतल्या प्लगला मात्र हात लावायचा नाही, हे बजावून सांगा.

आणखी एक. मोबाइल देऊन 'बघ' म्हटलं की मुलं दहा मिनिटांत कंटाळतात. आधी विचारायचं, 'काय होईल सांग', मग करू द्यायचं. नववी ते बारावीसाठी मुंबईचं सी-डॅक आणि अमृता विद्यापीठ यांचं 'ओलॅब्स'ही आहे.

आणि मुलीला एक प्रश्न घाला. ठिपके इतके सावकाश चालतात, मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? उत्तर तिलाच शोधू द्या. अडलीच, तर एवढंच सांगा, की वायर आधीपासूनच ठिपक्यांनी भरलेली असते.