सॉसच्या बाटलीतलं मीठ

जाफराबादच्या किराणा दुकानात पास्ता सॉस मिळेलच असं नाही. टोमॅटो सॉस मात्र हमखास. रक्तदाब असलेल्यांनी बाटलीमागचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचावाच. तिथे शंभर ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात ‘लो सोडियम’ लिहायचं तर शंभर ग्रॅममागे सोडियम १२० मिलिग्रॅमच्या आत हवं. हिरवा ठिपका शाकाहाराचा, कोशरचा शिक्का ज्यू आहारनियमांचा. मिठाबद्दल दोन्ही काहीच सांगत नाहीत. त्यापेक्षा पिकलेले टोमॅटो लसणावर परतून घरीच शिजवावेत, मीठ चिमूटभर आणि वरून लिंबू.