सिकलसेलची पहिली समुपदेशक नर्स

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. पण या रुग्णांसाठी ब्रिटनमध्ये झटलेल्या एलिझाबेथ अनियोन्वू कोणाला ठाऊक आहेत? आई आयरिश वंशाची, वडील नायजेरियाचे. १९७९ साली लंडनच्या ब्रेंट भागात त्या देशातल्या पहिल्या सिकलसेल-थॅलेसेमिया समुपदेशक नर्स झाल्या.

काम काय? आईवडील दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, हे घरच्यांना समजेल असे सांगायचे. वाहक म्हणजे रोगी नव्हे. (आपल्याकडे ‘एएस’ रिपोर्ट आला की मुलीचे लग्न मोडते. मुलाचा रिपोर्ट मागतो कोण?)

१९९८ मध्ये त्यांनी विद्यापीठात मेरी सीकोल यांच्या नावाने नर्सिंग केंद्र काढले. काळ्या व इतर अल्पसंख्य नर्सेसना वरच्या जागा मिळाव्यात, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

तपासणीबद्दल एवढेच: सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका, पण तिथेच थांबूही नका. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्यावरच कळते. लग्न ठरण्याआधी दोघांचीही करा.