हेगच्या न्यायासनापुढे पुण्याचे कागद

राष्ट्राराष्ट्रांमधील कायदा लेखी करारांतच सामावलेला असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु राष्ट्रांनी एकसारखी पाळलेली आणि बंधनकारक म्हणून मानलेली वहिवाटही कायदाच होय, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचे ३८ वे कलम सांगते. अडचण एवढीच, की या कायद्याची संहिता कोठेही सलग लिहिलेली नसते. ती सरकारी दप्तरांतून हुडकून काढावी लागते.

मराठी वाचकास याचे निकटचे उदाहरण म्हणजे, तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उत्तर सीमेस भिडलेल्या नगरहवेलीचा खटला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात दादरा आणि नगरहवेली हे प्रदेश पोर्तुगीज अमलातून मुक्त झाल्यावर, दमणहून तेथे जाण्याचा आपला हक्क भारताने अडविला, अशी फिर्याद पोर्तुगालने १९५५ साली हेग येथील याच न्यायालयात गुदरली. या हक्काचा आधार म्हणून पेशवाईतील १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा न्यायासनापुढे आल्या, त्यांच्या पाठांचा आणि अर्थाचा कीस पडला, आणि मराठ्यांनी दिला तो गावांचा वसूल, सार्वभौमत्व नव्हे, असा निष्कर्ष निघाला. तथापि पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे खासगी माणसे, मुलकी अंमलदार आणि माल यांची ये-जा अव्याहत चालू होती, हे सिद्ध झाल्यामुळे, केवळ दोन राष्ट्रांमधील वहिवाटही कायदा ठरू शकते, हे तत्त्व १२ एप्रिल १९६० च्या निकालाने मान्य केले. फौज आणि शस्त्रे यांचा हक्क मात्र आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला गेला. आणि या नकाराच्या पुराव्यांत गोवा सरकारचेच १८९० चे एक पत्र होते, ज्यात आपली फौज पूर्वपरवानगीवाचून इंग्रजी मुलखातून कधीच जात नाही, अशी स्वच्छ कबुली होती. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असाही निर्णय झाला.

एका पत्राचे एवढे मोल असेल, तर ते सापडणे हा निव्वळ योगायोग राहता कामा नये. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या १९४७ च्या संविधीने, २४ व्या कलमान्वये, वहिवाटीचा पुरावा अधिक सुलभ करण्याचे उपाय शोधण्याचे काम आयोगाकडे सोपविले, आणि आयोगाने १९५० साली त्यावर अहवाल दिला. तरीही ज्या बलाढ्य राष्ट्रांनी आपला व्यवहार संग्रहरूपाने छापला, त्यांचीच रीत जगाची रीत म्हणून पुढे केली जाते. ज्यांची दप्तरे बंद, त्यांचे आचरण असूनही नसल्यासारखे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तराचे ४५ खंड सिद्ध करून इतिहासकारांची जी सोय केली, तीच सोय स्वतंत्र भारताच्या परराष्ट्रव्यवहाराच्या कागदांची होईल, तेव्हाच जागतिक कायदा घडविण्यात आपल्या वहिवाटीला आवाज मिळेल.