पाच मिलिलिटर रक्ताची साक्ष

हिंगोली जिल्ह्यातलं शिरड शहापूर ओळखलं जातं ते मल्लिनाथांच्या जैन क्षेत्रामुळे. तिथे नावेचा विषय निघायचं तसं काही कारण नाही. पण हे गाव ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे, आणि पाणी आलं की नाव आलीच. उद्या एखादी नाव उलटली आणि ‘नावाडी प्यालेला होता’ अशी कुजबुज सुरू झाली, तर सोक्षमोक्ष कोण लावणार?

तोंडाचा वास पुरत नाही. नुसता वास आणि झोकांड्या एवढ्यावरून दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितलं. रक्त लागतं.

ते रक्त तपासतात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत. संचालनालय मुंबईला कलिन्यात. हिंगोलीकरांना जवळची प्रयोगशाळा नांदेडची. पोलिसांच्या तोंडी तिचं नाव अजूनही ‘सी.ए.’, म्हणजे जुना केमिकल अॅनालायझर. ‘सी.ए. रिपोर्ट आला का?’ हा प्रश्न कुठल्याही ठाण्यात ऐकू येतो.

या साऱ्या कारभारात खरी नायिका आहे एक इवलीशी बाटली. तिची शिस्त दारूबंदी कायद्याखालच्या १९५९ च्या नियमांत बांधलेली आहे. सुई टोचण्याआधी कातडी निर्जंतुक पाण्याने पुसायची, स्पिरिटचा बोळा चालणार नाही. दारू शोधायला निघालेल्यांनीच दारू लावली तर काय उरलं? किमान पाच सी.सी. रक्त घ्यायचं, झाकणावर लाख, लाखेवर डॉक्टरांची मोहोर, आणि सात दिवसांच्या आत प्रयोगशाळा. बाटलीत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं आणि टिकवणारंही, बहुधा सोडियम फ्लोराइड. ते नसेल तर रक्तातल्या साखरेवर यीस्टसारखे जीव ताव मारतात आणि बाटलीतच दारू तयार होते. कधी थेंबाला न शिवलेला माणूसही मग कागदोपत्री पिऊन बसतो!

पूर्वी रक्तातलं अल्कोहोल पोटॅशियम डायक्रोमेटवर आणत. नारंगी द्राव हिरवट होई. आता गॅस क्रोमॅटोग्राफ आहे. बंद बाटली तापवायची, रक्तावर जमलेली वाफ यंत्रात सोडायची; इथेनॉल आपल्या ठरलेल्या वेळेला बाहेर पडतं आणि पडद्यावर एक टोकदार शिखर उमटतं. यंत्र फारसं चुकत नाही.

घोळ होतो तो यंत्रापर्यंतच्या वाटेवर. अभिनेता सलमान खानच्या मोटार अपघाताच्या खटल्यात रक्तात ०.०६२ टक्के अल्कोहोलचा अहवाल होता. पण काढलेलं रक्त सहा मिलिलिटर आणि प्रयोगशाळेत पोचलेलं चार, हे उच्च न्यायालयाच्या नजरेतून सुटलं नाही. १० डिसेंबर २०१५ ला खान निर्दोष सुटले; नमुन्याच्या प्रवासावरचं प्रश्नचिन्ह हे त्यामागच्या कारणांपैकी एक. २०२४ मध्ये पुण्यातल्या पोर्श अपघातात तर अल्पवयीन चालकाचा नमुनाच बदलल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी डॉक्टरांना अटक केली. डीएनए जुळला नाही, तेव्हा संशय पक्का झाला.

पाण्यावर अडचणी आणखी वाढतात. मोटार वाहन कायद्याची १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा नावेला लागू नाही. समुद्रावरच्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत ०.०५ टक्के आहे, आणि आपल्या दारूबंदी कायद्याच्या कलम ६६ मध्येही नेमका तोच आकडा आहे. त्यातून वेळ. दर १०० मिलिलिटर रक्तामागे शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल जिरवतं. नावाड्याला बाहेर काढून, जीप मिळवून दवाखान्यात न्यायला तीन तास लागले, तर ४५ मिलिग्रॅम वाटेतच संपलं. नावाडी बुडून दोन दिवसांनी सापडला, तर उलटा पेच: कुजणाऱ्या देहात अल्कोहोल आपोआप तयार होतं. म्हणून अशा वेळी नुसत्या रक्तावर न विसंबता लघवी आणि डोळ्यातला द्रवही पाठवतात.

तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात असा नमुना घेताना डॉक्टरांनी रक्त काढल्याची वेळ तर लिहावीच. शेजारी नाव उलटल्याची वेळही लिहावी. नांदेडच्या यंत्राला ती कळायला दुसरा मार्ग नाही.