शांतता म्हणजे शून्य डेसिबल नव्हे



सिएटलच्या आसपास दोन अफलातून शांत जागा आहेत. त्या दोन्हींमधला फरक समजून घेण्यासारखा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली रेडमंडला, मायक्रोसॉफ्टच्या बिल्डिंग ८७ मधली 'अनेकोइक चेंबर'. म्हणजे प्रतिध्वनी उमटूच न देणारी खोली. चारी बाजूंना, वर आणि खाली फोमच्या पाचरी, आणि उभं राहायला तारांची जाळी. मायक्रोफोन, स्पीकर वगैरे तपासायला ती बांधली. २०१५ साली इथे उणे २० डेसिबलच्याही खालची नोंद झाली आणि गिनेस बुकात नाव गेलं. (पुढे मिनियापोलिसच्या ऑरफिल्ड लॅबने तो विक्रम मोडला.) शून्य डेसिबल म्हणजे आपल्याला जेमतेम ऐकू येणारा आवाज, त्यावरून कल्पना करा! पण गंमत अशी, की अशा खोलीत बऱ्याच जणांना शांत वाटण्याऐवजी अस्वस्थ वाटतं. संगीतकार जॉन केज १९५१ मध्ये हार्वर्डच्या अशाच खोलीत गेला, तर त्याला स्वतःच्याच शरीरातले आवाज ऐकू आले.

दुसरी जागा ऑलिंपिक नॅशनल पार्कातलं होह रेनफॉरेस्ट. सिएटलहून गाडीने साधारण चार तास. गॉर्डन हेम्प्टन या ध्वनिमुद्रकाने २२ एप्रिल २००५ रोजी इथल्या पायवाटेवर सुमारे तीन मैल आत, शेवाळलेल्या ओंडक्यावर एक छोटा लाल दगड ठेवला. त्याचं म्हणणं, एवढी एक चौरस इंच जागा माणसाच्या गोंगाटापासून वाचवली, तर भोवतालचे कित्येक मैल आपोआप शांत राहतील. तरी व्हिडबी बेटावरच्या नौदल तळाची जेट विमानं मध्येच डोक्यावरून जातातच.

इथे आवाज भरपूर आहेत. नदीची खळखळ, पाखरं, शेवाळावरून ठिबकणारं पाणी. कोकणातल्या पागोळ्या ऐकत वाढलेल्याला ते परकं वाटत नाही. फक्त यातला एकही आवाज तुमच्याकडून काही मागत नाही. मला वाटतं, आपल्याला हवी असते ती शांतता हीच.

आता खरी अडचण. होहमध्ये मोबाईलला रेंज नाही. ऑफिसचा ऑन-कॉल एकवेळ सहकाऱ्याच्या गळ्यात घालता येतो, पण आई-बाबा तिकडे एकटे असताना फोन बंद ठेवायला मन धजत नाही. रात्री दोनला वाजलेला फोन काय असतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. मी आता एक करतो. जायच्या आदल्या दिवशी बहिणीला सांगतो, "उद्या सकाळी नऊ ते दुपारी तीन मी लागणार नाही, तेवढं तू बघ." तीही तिच्या सुट्टीला मला असंच सांगते. सहा तासांचीच सोय, पण तेवढ्यात मान मोकळी होते.

जाणार असाल तर वीकेंड टाळा, रेनकोट न्या, आणि निदान वीस मिनिटं एका जागी बसा. पहिली दहा मिनिटं डोक्यात मीटिंगाच चालू असतात!

असो. तुमच्या गावाजवळ अशी जागा असेल तर जरूर कळवा.