पडद्याचं ऑपरेशन झालं, आता घरी काय? पालथं झोपणं, घाट आणि थेंब यांत हयगय नको

मोतीबिंदूचं ऑपरेशन गावाला आता नवं राहिलेलं नाही. चार-आठ दिवस काळा चष्मा, की माणूस पुन्हा पारावर हजर. डोळ्याच्या पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं ऑपरेशन मात्र तसं नसतं. पडदा सुटला किंवा शुगरमुळे डोळ्यात रक्त उतरलं, की ते करावं लागतं. ऑपरेशन काही तासांत उरकतं, पण पडदा जागेवर घट्ट बसायला पुढचे दिवस लागतात, आणि ते घरी काढायचे असतात.

या ऑपरेशनमध्ये डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढून बऱ्याचदा त्या जागी गॅसचा बुडबुडा किंवा सिलिकॉन तेल भरतात. दोन्ही पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे ती डोळ्यात वर चढतात आणि पडद्याला दाबून धरतात. पडद्याचा जो भाग दाबायचा तो वरच्या बाजूला यावा, म्हणून डॉक्टर पालथं झोपायला किंवा एका कुशीवर राहायला सांगतात. कुणाला दोन-तीन दिवस, कुणाला आठवडाभर. शेजारच्याला डावी कूस सांगितली म्हणून आपणही तीच धरायची, असं चालत नाही. उताणं झोपणं बहुतेकांना बंदच असतं.

दिवसभर मान खाली घालून राहणं सोपं नाही. मान-पाठ भरून येते, माणूस वैतागतो. छातीखाली उशी आणि कपाळाखाली टॉवेलची गुंडाळी घेतली तर नाक मोकळं राहतं. बसताना टेबलावर किंवा खाटेच्या कडेवर कपाळ टेकवावं. जेवायला, संडासला उठायला हरकत नसते. मोबाईल जमिनीवर ठेवून खाली बघत बसलं तरी चालतं. त्याने पडद्याला इजा होत नाही, उलट वेळ जातो.

गॅस भरलेल्या डोळ्याने सुरुवातीला जवळपास काहीच दिसत नाही. ‘ऑपरेशन बिघडलं’ म्हणून घरात रडारड होते ती इथेच. गॅस विरू लागला की वरच्या बाजूने साफ दिसू लागतं, मध्ये पाण्याच्या पातळीसारखी हलती रेघ दिसते आणि ती रोज खाली सरकते. गॅसच्या प्रकाराप्रमाणे याला साधारण दोन आठवडे ते दोन महिने लागतात.

तोवर उंचीवर जायचं नाही, आणि हीच गोष्ट सर्वात जास्त विसरली जाते. उंचावर हवेचा दाब कमी होतो, डोळ्यातला गॅस फुगतो, डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि नजर कायमची जाऊ शकते. विमान तर बंदच. पण मुंबईत ऑपरेशन करून घाट चढून गावी यायचं असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना रस्ता सांगून विचारावं. महाबळेश्वरसारख्या उंचावरच्या गावच्या माणसाने तर नक्कीच. गॅस असताना दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली, तर आधी डोळ्यातल्या गॅसबद्दल सांगावं. भुलीच्या नायट्रस ऑक्साईडनेही तो बुडबुडा फुगतो.

थेंब टाकण्याआधी साबणाने हात धुवावेत, बाटलीचं टोक डोळ्याला लावू नये, दोन औषधांत पाच मिनिटं सोडावीत. बरं वाटलं म्हणून थेंब मध्येच बंद करू नयेत. मध, गुलाबजल, काजळ यांतलं काहीही डोळ्यात नको. डोक्यावरून आंघोळ, चुलीचा धूर, मळणीची धूळ, फवारणी, खताचं पोतं किंवा भरलेला हंडा उचलणं, मोटारसायकल चालवणं हे सारं डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबवावं. भात किंवा आंबट बंद करायचं कारण नाही. शुगर असेल तर ती मात्र ताब्यात हवी.

थोडं खुपणं, लाली, पाणी येणं चालतं. पण दुखणं वाढत गेलं, डोकं दुखून उलटी झाली, पू आला, दिसत होतं ते कमी झालं किंवा बाजूने काळी सावली येऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दुसऱ्या डोळ्यात अचानक चमका किंवा काळे ठिपके दिसले तरी तेच.

सिलिकॉन तेल भरलेलं असेल, तर ते आपोआप विरत नाही. ते काढायला बहुतेकांना काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन लागतं. डोळा दुखत नाही म्हणून अनेकजण ती तारीख टाळतात आणि तेल जास्त दिवस राहून प्रेशर वाढतं. डिस्चार्ज कागदावर गॅस लिहिलाय की तेल, हे दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्यावं.