बेटावरचे एक दिवसाचे उड्डाण : आधी परतीचा विचार

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शेकडो उतारूंना घेऊन जाणारे प्रचंड जेट विमान उभे राहते. परंतु जगातील अनेक देशांत चार आसनांची, एका इंजिनाची हलकी विमानेही मोठ्या संख्येने वापरात आहेत. कोणी ती शिक्षणासाठी वापरतात, कोणी कामासाठी, तर कोणी सुटीच्या दिवशी कुटुंबासह जवळच्या ठिकाणी जाऊन येण्यासाठी. आपल्या राज्यातही बारामती आणि गोंदिया येथे वैमानिकांना प्रशिक्षण दिले जाते आणि ग्रामीण भागातील तरुणही या क्षेत्राकडे वळू लागले आहेत. अशा छोट्या विमानाने समुद्र ओलांडून एखाद्या बेटावर जायचे आणि संध्याकाळपूर्वी परतायचे, तर किती गोष्टींचा आधी विचार करावा लागतो, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल. त्यासाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सांता कॅटालिना या बेटाचे उदाहरण घेऊ.

बेट आणि त्याचा विमानतळ

कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलिस शहराच्या दक्षिणेस, किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर हे डोंगराळ बेट आहे. ॲव्हलॉन हे तेथील एकमेव शहर. विमानाने या बेटावर जाण्याची परंपरा जुनी आहे. ग्लेन मार्टिन या विमानरचनाकाराने १० मे १९१२ रोजी स्वतः बनविलेल्या, पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून न्यूपोर्ट येथून ॲव्हलॉनपर्यंत उड्डाण केले. दिशा कळावी म्हणून त्याने पायाला होकायंत्र बांधले होते आणि पाण्यात पडल्यास तरंगता यावे म्हणून हवा भरलेली ट्यूब अंगावर घेतली होती. साधने आज पुष्कळ बदलली आहेत, पण "पाण्यात उतरावे लागले तर काय?" हा मार्टिनपुढचा प्रश्न आजच्या वैमानिकापुढेही तसाच आहे.

बेटावरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,६०२ फूट उंचीवर आहे. दोन टेकड्यांचे माथे उडवून आणि मधली दरी भरून तो तयार करण्यात आला. १९४६ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. "आकाशातील विमानतळ" याच नावाने तो ओळखला जातो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या एका संवर्धन संस्थेकडे बेटाचा बहुतांश भाग व हा विमानतळ आहे. जुनी डांबरी धावपट्टी वारंवार उखडू लागली, तेव्हा २०१९ मध्ये अमेरिकेच्या मरीन दलाच्या व नौदलाच्या अभियंता तुकड्यांनी तेथे मुक्काम करून काँक्रीटची नवी धावपट्टी बांधून दिली. सैनिकांना दुर्गम ठिकाणी बांधकाम करण्याचा सराव मिळाला आणि बेटाला टिकाऊ धावपट्टी मिळाली.

इंजिन बंद पडले तर

समजा, एक वैमानिक पत्नी व मुलासह किनाऱ्याजवळच्या टॉरन्स विमानतळावरून सेसना १७२ जातीच्या विमानाने निघणार आहे. या विमानाला एकच इंजिन असते. बेटावरच्या विमानतळाचे अंतर सुमारे ४५ किलोमीटर; म्हणजे सरळ उड्डाणास पाव तास पुरेसा. एवढ्या लहान प्रवासासाठी फार उंच कशाला जायचे, असे कोणासही वाटेल. या प्रश्नाचे उत्तर शाळेतील त्रैराशिकाने मिळते.

इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे खाली येत नाही. ते पंखांच्या आधाराने तरंगत खाली उतरते. सेसना १७२ ढोबळमानाने एक भाग उंची गमावून नऊ भाग अंतर कापते. ३,००० फूट म्हणजे सुमारे ९१५ मीटर. या उंचीवरून इंजिनाविना साधारण ८.२ किलोमीटर जाता येईल. किनाऱ्यापासून ८.२ किलोमीटरपर्यंत मागे फिरता येते आणि बेटाच्या अलीकडच्या ८.२ किलोमीटरमध्ये पुढे पोहोचता येते. मधले १८ किलोमीटरांहून अधिक अंतर मात्र असे उरते की तेथे इंजिन थांबले तर समुद्रावाचून दुसरी जागा नाही. ताशी १८५ किलोमीटर वेगाने ते कापण्यास सहा मिनिटे लागतात.

हेच गणित ६,००० फुटांवर केले तर असुरक्षित पट्टा दोन किलोमीटरांवर येतो आणि तो पाऊण मिनिटात ओलांडला जातो. ८,००० फुटांवरून जवळजवळ २२ किलोमीटर तरंगता येते. म्हणजे दोन्ही बाजूंच्या मर्यादा एकमेकींत नऊ किलोमीटर मिसळतात आणि प्रवासात असा एकही क्षण राहत नाही की जेव्हा जमीन आवाक्याबाहेर आहे. ही नऊ किलोमीटरची शिल्लक चैन नव्हे. इंजिन थांबल्यावर भानावर येण्यात काही सेकंद जातात, विमान वळविताना उंची खर्च होते आणि बेटाचा काठ गाठला तरी तेथे सपाट जमीन नसून कडे आहेत.

वाऱ्याचाही हिशेब यात धरावा लागतो. बेटाकडून किनाऱ्याकडे ताशी ३७ किलोमीटर वेगाने वारा वाहत असेल तर पुढे तरंगत जाण्याचे अंतर घटते; मागे येण्याचे तेवढेच वाढते. अशा वेळी "आता मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणे बरे" हे ठरविण्याचे ठिकाण खाडीच्या मध्यावर, म्हणजे साडेसतराव्या किलोमीटरवर, राहत नाही. ते सुमारे तेविसाव्या किलोमीटरवर सरकते. हे ठिकाण उड्डाणापूर्वीच नकाशावर खूण करून ठेवायचे असते. इंजिन थांबल्यावर गणित मांडण्यास सवड नसते.

उंची गाठायची कोठे?

८,००० फूट उंची गाठण्यास या विमानाला साधारण पंधरा मिनिटे लागतात, आणि टॉरन्सपासून समुद्र तर अगदी जवळ. म्हणून सरळ बेटाकडे निघून वाटेत उंची वाढवत जाणे उपयोगाचे नाही. किनाऱ्याच्या आत राहून, वळणे घेत आधी उंची मिळवावी लागते. त्यातही एक अडचण आहे. लॉस एंजेलिसच्या मोठ्या विमानतळाभोवतीचे नियंत्रित हवाई क्षेत्र उलट्या ठेवलेल्या उतरंडीसारखे असते. खाली अरुंद आणि वर रुंद होत जाणारे. त्यात शिरण्यापूर्वी नियंत्रकाची स्पष्ट परवानगी हवी. ती मिळेल असे गृहीत धरता येत नाही, म्हणून मिळाली नाही तर कोणत्या मार्गाने उंची घ्यायची, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे लागते.

बेटाजवळ आल्यावर उलट मोह पडतो. उतरण्याची घाई म्हणून बेट दूर असतानाच विमान खाली आणले, तर जपून ठेवलेली उंची नेमकी पाण्यावर खर्च होते. शहाणा वैमानिक बेटावर पोहोचेपर्यंत उंची राखतो आणि मग जमिनीवरच घिरट्या घेत खाली येतो. त्यात दहा मिनिटे अधिक जातात. पण ती सत्कारणी लागतात.

वजन आणि इंधन

चार आसने आहेत म्हणून चार प्रौढ माणसे आणि भरलेली टाकी एकाच वेळी चालतेच असे नाही. विमानाच्या एकूण वजनाला ठरावीक मर्यादा असते. बेटावर इंधन मिळत नाही. म्हणून परतीचे इंधन जातानाच बरोबर न्यावे लागते. हे विमान तासाला सुमारे ३५ लिटर इंधन जाळते. उंची घेणे व घिरट्या धरून जाण्यास चाळीस मिनिटे आणि येण्यास तितकीच धरली तर ४७ लिटर लागतील. परतताना दुसऱ्याच विमानतळावर जावे लागले तर त्यासाठी अर्ध्या तासाचे, आणि दिवसाच्या उड्डाणासाठी अमेरिकेतील नियमाने राखून ठेवायचे आणखी अर्ध्या तासाचे. बेरीज ८२ लिटरच्या घरात जाते. शंभर लिटर भरले तर काही शिल्लक राहते आणि इंधनाचे वजन ७२ किलोग्रॅमच्या आसपास राहते. मग उतारूंची व सामानाची वजने अंदाजाने नव्हे, तर काट्यावर मोजून मांडायची. दिवस उष्ण असेल आणि विमानतळ उंचावर असेल तर हवा विरळ होते आणि विमानाला उडण्यास अधिक धाव लागते. बेटावरची धावपट्टी ३,००० फुटांचीच असल्याने परतीच्या उड्डाणाचा हा हिशेब घरूनच करून निघावे लागते.

धुके आणि घड्याळ

या किनाऱ्यावरचा समुद्र थंड आहे. त्याच्या सान्निध्याने खालची हवा गार व दमट होते आणि तिच्यावर उष्ण हवेचे झाकण बसते. या झाकणाखाली ढगांचा सपाट थर तयार होतो. मे आणि जून महिन्यांत तो विशेष आढळतो. पुष्कळदा त्याची उंची नेमकी बेटावरच्या विमानतळाएवढी असते. म्हणजे किनाऱ्यावरून पाहता ढग डोक्यावर दिसतात, पण बेटावरची धावपट्टी त्या ढगातच बुडालेली असते. म्हणून केवळ आपल्या गावचे आकाश पाहून निघणे चुकीचे. दोन्ही ठिकाणच्या हवामानाचे वृत्त आणि दिवसभराचा अंदाज पाहावा लागतो.

सकाळी उशिरापर्यंत हा थर बहुधा विरतो. परंतु संध्याकाळी परततो, आणि परतताना प्रथम किनारपट्टी झाकतो. त्यामुळे दुपारी निघताना स्वच्छ असलेले टॉरन्स सायंकाळी बंद झालेले आढळू शकते. म्हणूनच किनाऱ्यापासून आत असलेला एखादा पर्यायी विमानतळ आधीच निवडलेला असतो. बेटावरच्या धावपट्टीला रात्रीचे दिवे नाहीत. तेथील कामकाज दिवसाच्या ठरावीक वेळेतच चालते. विमानतळापासून ॲव्हलॉन सुमारे १६ किलोमीटर दूर, डोंगरी रस्त्याने. जाण्यायेण्याच्या बसची वेळ चुकली तर विमानाचीही वेळ चुकते. तेव्हा दिवसाचे वेळापत्रक सूर्यास्तापासून मागे मोजत तयार करावे लागते : घरी किती वाजता पोहोचायचे, त्यासाठी बेट केव्हा सोडायचे, त्यासाठी बस कोणती पकडायची. किती वेळ फिरायचे, हे सर्वांत शेवटी ठरते. १९२४ मध्ये एका चित्रपटासाठी आणलेल्या गव्यांसारख्या बायसन प्राण्यांचे वंशज आजही तेथे आहेत. ते पाहण्यात वेळ कसा गेला हे कळत नाही, म्हणून घड्याळाकडे लक्ष हवे.

धावपट्टीचा भास

ही धावपट्टी सपाट नाही. तिचा पृष्ठभाग चढ घेत जातो आणि एका टोकावरून दुसरे टोक दिसत नाही. चढत्या धावपट्टीकडे येताना आपण फार उंच आहोत असा वैमानिकास भास होतो आणि तो विमान अधिक खाली आणू पाहतो. नेमक्या त्याच ठिकाणी, कड्याच्या काठावर, हवेचा झोत खाली ओढणारा असतो. उतरल्यानंतर दुसरा भास होतो. समोर पट्टी संपून आकाश सुरू झाले असे वाटते आणि घाबरून जोराने ब्रेक दाबले जातात. वस्तुतः उंचवट्यापलीकडे धावपट्टी शिल्लक असते. येथे प्रथम उतरणाऱ्याने आधी या ठिकाणचा अनुभव असलेल्या शिक्षकासह एकदा जाऊन यावे, हे उत्तम.

पाण्यासाठी तयारी

सर्व काळजी घेऊनही पाण्यात उतरण्याची तयारी ठेवावीच लागते. जीवरक्षक जाकीट आसनाखाली ठेवून उपयोग नाही. ते अंगावर असावे. मात्र विमानात असताना त्यात हवा भरायची नाही, कारण आत पाणी आल्यास फुगलेले जाकीट माणसाला छताशी अडकवून ठेवते. पाण्याला टेकण्यापूर्वी दारांच्या कड्या उघडायच्या, म्हणजे दारे अडकत नाहीत. या गोष्टी उतारूंना जमिनीवरच, प्रत्यक्ष करून दाखवायच्या. उड्डाणाची योजना विमानवाहतूक सेवेकडे नोंदविली असल्यास, पोहोचण्याच्या वेळेनंतर अर्ध्या तासात ती बंद केली गेली नाही तर शोध सुरू होतो. म्हणून सुखरूप उतरल्यावर ती आठवणीने बंद करणे हेही वैमानिकाचे कर्तव्य ठरते. नाही तर गरज नसताना शोधपथके समुद्रावर धावतात.

न जाण्याचा निर्णय

या सगळ्या तयारीत सर्वांत अवघड भाग गणिताचा नाही. मुलाने आठवडाभर वाट पाहिलेली असते, डबा भरलेला असतो, विमानाचे भाडे ठरलेले असते आणि बेटावरचा ढग "थोड्या वेळात विरेल" असे दिसत असते. अशा वेळी "आज जायचे नाही" किंवा वाटेत "येथून परत फिरायचे" असे म्हणणे जड जाते. म्हणूनच जाणते वैमानिक आपल्या मर्यादा आदल्या रात्री कागदावर लिहितात : ढग किती उंच हवेत, वारा किती चालेल, किती वाजेपर्यंत थांबायचे. दुसऱ्या दिवशी मनाशी वाद घालावा लागत नाही. कागद पाहिला की पुरे. आपल्या कोकणातील मच्छीमारही आकाश आणि वारा पाहून होडी किनाऱ्यालाच ठेवतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

शिक्षकांना उंची, अंतर आणि वाऱ्याचे वरील गणित वर्गात सोडवून घेता येईल. नऊ आणि एक या प्रमाणातून विद्यार्थ्यांना त्रैराशिकाचा खरा उपयोग कळेल. गावाच्या किंवा कार्यालयाच्या कामाची आखणी करणाऱ्यांनाही यातून घेण्यासारखे आहे. योजना आखताना आपण बहुधा आरंभापासून पुढे जातो. बेटावर जाणारा वैमानिक शेवटापासून मागे येतो. काय बिघडू शकेल हे आधी विचारतो आणि थांबण्याची रेषा शांत डोक्याने आधीच आखून ठेवतो. पस्तीस किलोमीटर पाणी ओलांडून संध्याकाळच्या जेवणाला घरी पोहोचणारे कुटुंब या तयारीच्या बळावर पोहोचते. आणि ज्या दिवशी ते निघतच नाही, त्या दिवशीही ही तयारी वाया गेलेली नसते.